बसावंसं वाटणं हा दोष नव्हे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

व्यायाम न करणाऱ्याला ‘आळशी’ म्हणून मोकळं व्हायची आपल्याला सवय लागली आहे. मला हा शब्द फार खटकतो.

शेती सुरू होऊन जेमतेम १२ हजार वर्षं झाली. त्याआधीची सुमारे २० लाख वर्षं आपले पूर्वज शिकार आणि कंदमुळांवर जगले. पोटासाठी पायपीट चुकत नव्हती, म्हणून एरवी बूड टेकून ताकद राखणं हेच शहाणपण होतं. टांझानियातले काही हाद्झा लोक आजही असेच जगतात. संशोधकांनी त्यांच्या अंगावर यंत्रं लावून मोजलं, तर दिवसाचे दहाएक तास तेही बसूनच असतात! फक्त खुर्ची नसल्याने बराच वेळ उकिडवे बसतात, आणि पायांचे स्नायू तेव्हाही थोडंफार काम करत राहतात.

ताकद राखायची हीच खोड शरीराच्या आतही आहे. स्नायू, हाडं, हृदय पोसायला अन्न लागतं; जे वापरात नाही, ते शरीर पोसत नाही. माझ्या भाच्याच्या पायाचं प्लास्टर सहा आठवड्यांनी कापलं, तेव्हा आतून निघालेली पोटरी बघून माझ्या पोटात कालवलं. दुसऱ्या पायाच्या निम्मीच वाटत होती. अमेरिकेत डॅलस इथे १९६६ मध्ये पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी तेच पाचजण पुन्हा तपासले, तर वयाने त्यांचा दम जेवढा घटवला होता, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी घटवला होता.

म्हणून हालचाल हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण गरज नसताना उगीच धावावं, असं आपल्या पूर्वजांना कधी वाटलंच नसेल. ते चालत ते अन्नासाठी, नाचत ते आनंदासाठी, तेही चारचौघांत. आणि आपण? वर्गात दंगा केला की मैदानाला फेऱ्या मारायची शिक्षा देतो. शिक्षकांनी एवढी एक गोष्ट तरी बंद करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

भाच्याला लिहून दिलेले व्यायाम त्याने चार दिवसांत सोडले. आम्ही रागावलो, उपयोग शून्य. मग मित्र खेळायला बोलवायला लागले. तीन महिन्यांनी मी टेप लावून दोन्ही पोटऱ्या मोजल्या, तेव्हा फरक अर्ध्या सेंटिमीटरचा उरला होता.

आपला,
एक वाचक