तांबड्या पेन्सिलीचे आभार

श्री. काका यांस,
सा. न. वि. वि.

नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतं ‘काका’. भूमापन खात्यात उभी हयात काढलेल्या माणसाने आमच्या खोट्या मुलखाच्या नकाशावर इतकी तांबडी पेन्सिल झिजवावी, याबद्दल हे चार शब्द. ते उघड लिहितोय, कारण बेळगाव-खानापूरकडे घरच्या घरी असली जगं रचणारी मंडळी आता बरीच आहेत आणि चुका सगळ्यांच्या त्याच आहेत.

ही जगं लागतात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या खेळाला. तो ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर, चार-पाच जण टेबलाभोवती बसून पात्रं वठवतात, एक जण डीएम (डंजन मास्टर) होऊन जग चालवतो, आणि जिथे अडतं तिथे वीस बाजूंचा फासा निकाल देतो. ते जग विकतचं असतं किंवा घरचं. आमचा ‘वेळूप्रांत’ घरचा.

जग रचायला बसलं की हात आधी राजवंश, देव आणि ड्रॅगनकडे जातो. तुम्ही तो धरून पाण्याकडे नेलात. उंची ठरवा, पाणी कुठे उतरतं ते काढा, मग गावं, आणि राजे सगळ्यात शेवटी. तांबडी पेन्सिल पहिल्यांदा टेकली ती नदीवर, कारण आमची नदी उताराला जाता जाता मधेच दोन फाटे फुटून दोन समुद्रांना मिळत होती. नद्या खाली जाताना एकत्र येतात. फाटे फुटतात ते बहुधा मुखाशी, सपाटीवर, जिथे गाळ साचून वाट अडते. तळ्याचंही तसंच. त्यात ओढे हवे तितके येऊ देत, बाहेर जाणारी वाट एकच, कारण काठाची सगळ्यात खालची जागा एकच असते आणि पाणी तीच कापत नेतं. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, जिथे नदी ओलांडते तिथे तिचं टोक वरच्या अंगाला हवं. ते खाली काढलं की दरीऐवजी डोंगराची सोंड तयार होते, आणि नदी सोंडेवरून चाललेली दिसते.

उदाहरणाला तुम्हाला लांब जावं लागलं नाही. मलप्रभा आणि म्हादई दोघी खानापूर तालुक्यातल्याच. एक समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते, कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागरात पोचते. दुसरी गोव्यात उतरून मांडवी होते. मधे एक डोंगराची धार, एवढंच. वेळूप्रांतात आम्ही ती धार उचलून घेतली आणि तिच्या दोन अंगांना दोन गावं बसवली. पाणी कुणी वळवायचं यावरून त्यांचं जे जुंपलं, त्याला राक्षसाची गरज पडली नाही. (आपल्याकडे त्याच पाण्यावर लवाद बसला, तेव्हा यात कल्पनाशक्ती फारशी नाही.)

घटप्रभा गोकाकला ५२ मीटर खाली उडी घेते. तुमचं म्हणणं, जगात धबधबा नुसता शोभेला ठेवू नका. तिथे होडी थांबते, माल उतरतो, हमाल लागतात, म्हणजे बाजारपेठ आलीच.

पावसाचा हिशेबही तुमचाच. कणकुंबीत धो धो आणि अथणीकडे पाण्याची ओढ, एकाच जिल्ह्यात. आम्ही ते फाशांवर असं बसवलंय: पावसाळ्याच्या दिवसात सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, बेरीज ८ किंवा जास्त आली तर पाऊस. म्हणजे ३६ पैकी १५ वेळा. घाटमाथ्यावर बेरजेत २ मिळवायचे, मग २६ वेळा. डोंगराआडच्या कोरड्या मुलखात ३ वजा करायचे, मग फक्त ३ वेळा. तिथल्या खाणावळीत भात वाढू नका, कडक भाकरी वाढा. खेळाडूंना प्रदेश बदलल्याचं ताटावरून कळतं, वर्णन करत बसावं लागत नाही.

आता माप. हेक्स म्हणजे नकाशावर आखलेला षटकोन, आम्ही दोन कोसांचा धरतो, समोरासमोरच्या बाजूंमध्ये साधारण ६ किलोमीटर. कागदावर ते अंतर २ सेंमी ठेवायचं असेल तर षटकोनाची एक बाजू १.१५ सेंमी येते. बरेच जण बाजूच २ सेंमी घेतात आणि पुढे सगळी अंतरं चुकतात. ए-थ्री कागदावर समास सोडून २६० च्या आसपास हेक्स बसतात. एकेक सुमारे ३१ चौरस किलोमीटरचा, म्हणजे सगळे मिळून आठ हजारांवर, बेळगाव जिल्ह्याच्या निम्म्याहून जास्त. खंड काढायची हौस इथेच जिरते. सड्या माणसाला रस्त्याने दिवसात पाच हेक्स होतात, घाटात दोन-अडीच. आणि एका हेक्सात एकच गाव टाकलं तर मुलूख ओसाड वाटतो. आपल्याकडे तेवढ्यात दोन-तीन गावं सहज असतात.

मारामारीच्या नकाशाला गुंठा वापरा ही सूचना ऐकून आधी हसू आलं होतं. पण गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. खेळातला चौकोन ५ फुटांचा, तेव्हा एका बाजूला साडेसहा चौकोन. वाड्याचा चौक किती मोठा, हे गुंठ्यात सांगितलं की इथल्या माणसाला लगेच दिसतं. फुटात सांगितलं की डीएम हटकून राजवाड्याएवढा गोठा काढतो.

नावांचं शिक्षण तर सीमाभागात फुकट मिळतं. हळ्ळ म्हणजे ओढा, हळ्ळी म्हणजे गाव, गुड्ड म्हणजे टेकडी, शेजारी वाडी आणि गाव, आणि वर बुद्रुक-खुर्द हे फारसी. नद्या-डोंगरांची नावं सगळ्यात जुन्या भाषेत ठेवायची, वस्त्यांची नंतरच्या, महसुलाची राज्यकर्त्यांच्या. तीन भाषांचे वीस-वीस शब्द ठरवून घेतले तरी वर्षभर पुरतात. अपॉस्ट्रॉफी घातलेली, उच्चारता न येणारी नावं तुम्ही एका रेघेत काढून टाकलीत, ते बरंच झालं.

कागद जुना दिसावा म्हणून चहा द्यायचा तो जाड ड्रॉइंग पेपरला, पातळ कागद गोळा होतो. दोन कप पाण्यात चार चमचे पावडर दहा मिनिटं उकळून गाळा, पूर्ण थंड करा, स्पंजने लावा, सावलीत सपाट वाळवा. शाई त्यानंतर. आधी जेल पेनने काढून वर चहा लावला की नद्या खरोखरच वाहतात. आणि हे काम मृगाच्या आत उरकायचं, पुढे कागद वाळत नाही, बुरशी धरतो.

तुमचे आभार मानायला पेढे आणलेत, पण नकाशाची गुंडाळी उलगडल्यावर तुम्ही आधी कशाकडे बघाल हे माहीत आहे.

आपले,
वेळूप्रांतकर

ता. क. दक्षिणेचं तळं अजून दोन तोंडांचंच राहिलंय. येताना पेन्सिल घेऊन या.