प्लंबरचाचा, तुमच्यामुळे अर्धी टाकी वाचली

आदरणीय चाचा, सलाम.

त्या दिवशी तुम्ही निघालात तेव्हा अजान जवळ आली होती, म्हणून घाईत नीट बोलणं झालं नाही. आभार इथे सगळ्यांसमोर मानते आहे, कारण तुम्ही जे सांगितलंत ते लातुरात गच्चीवर पाणी तापवायचा सोलर असलेल्या प्रत्येक घराला माहीत असायला हवं.

मार्चअखेरची दुपार होती. सोलरमधून खाली येणारा गरम पाण्याचा पाईप एल्बोपाशी, म्हणजे वळणाच्या जोडापाशी, निखळला आणि कढत पाणी गच्चीभर पसरलं. जवळ जाववत नव्हतं. आमच्या भागात नळ रोज येत नाही, टाकी भरलेली असली की आठवड्याची चिंता मिटते. ती टाकी डोळ्यांदेखत पन्हाळीतून रस्त्यावर चालली होती. मांजरा धरण आटलं आणि 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. ते दिवस ज्यांनी काढले त्यांना पाणी वाहताना बघणं काय असतं, हे वेगळं सांगायला नको. आई तर जिन्यातच बसून राहिली.

फोनवर तुम्ही पत्तासुद्धा नंतर विचारलात. आधी म्हणालात, "ताई, पाईप राहू द्या. टाकीतून सोलरला थंड पाणी जातंय ना, त्याचा कॉक बंद करा पहिले." कॉक फिरवला आणि धार थांबली. खालून थंड पाणी आत येतं तेव्हाच ते वरचं गरम पाणी बाहेर ढकलतं, त्यामुळे गरम पाईप तुटला तरी थांबवायचं असतं ते थंड पाणी. तुम्ही वाटेतच होतात आणि आमची अर्धी टाकी शाबूत होती.

आल्यावर तुम्ही सोलरच्या काचेच्या नळ्यांवर ताडपत्री टाकायला लावली, म्हणजे पाणी आणखी तापणार नाही. मी विचारलं, सोलर रिकामाच करून टाकायचा का? तर तुम्ही हात वर करून थांबवलंत. उन्हात रिकाम्या नळ्या भयंकर तापतात, आणि मग त्यांत थंड पाणी शिरलं की काच तडकते. भरायच्याच झाल्या तर पहाटे भराव्यात, ऊन पडायच्या आधी. हे मला कुणी कधीच सांगितलं नव्हतं. सोलर बसवून गेलेल्यांनीही नाही.

मग निखळलेला तुकडा हातात घेऊन तुम्ही मला दाखवलात. साधा पांढरा पीव्हीसी पाईप. साठ अंशांच्या आसपास तो मऊ पडायला लागतो, आणि आपल्याकडच्या उन्हात सोलरचं पाणी त्याच्या पुढे सहज जातं. गरम लाइनीला सीपीव्हीसीच हवा, तो नव्वद अंशांपर्यंत टिकतो, आणि त्याचे सांधे चिकटवायचं सोल्युशनही वेगळं. ज्यानं हा पाईप टाकला त्याला मात्र तुम्ही एका शब्दानंही नावं ठेवली नाहीत. मला ते फार भावलं.

नवी लाइन टाकताना तुम्ही मध्येच एक वळसा दिलात. सरळ पाईप स्वस्तात झाला असता, पण दहा मीटरचा पाईप चाळीस अंशांनी तापला की अडीच सेंटिमीटरच्या आसपास लांबतो, आणि त्याला सरकायला जागा नसली की सगळा ताण सांध्यावर येतो. म्हणून क्लॅम्पही तुम्ही आवळून न बसवता जरा सैल ठेवलेत. हे काम भिंतीआड आहे, कुणाच्या नजरेस पडणार नाही. तरी तुम्ही ते तितक्याच निगुतीनं केलंत.

आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा तुम्ही तो हळूच कठड्यावर ठेवलात. रोजा आहे हे आम्हाला तेव्हा कळलं. तापलेल्या गच्चीवर, पाण्याचा थेंब न घेता, तुम्ही आमचं पाणी वाचवत होतात. आई अजून रोज त्याबद्दल बोलते. तिनं तुमच्यासाठी खजूर आणून ठेवलेत, ते घ्यायला तुम्ही थांबलाच नाहीत.

सोल्युशन रात्रभर वाळू द्या म्हणालात आणि सकाळी कॉक उघडायला स्वतः आलात. प्रत्येक सांध्यावरून कोरडा हात फिरवून बघितलात. दुकानाची पावती, उरलेला पाईप, सोल्युशनचा डबा, सगळं माझ्या हाती दिलंत. मजुरी ठरली होती तेवढीच घेतलीत.

चाचा, आमच्या गल्लीत आणखी दोन घरांच्या सोलरला तसाच पांढरा पाईप आहे. मी त्यांना गच्चीवर नेऊन दाखवला. तो निखळायच्या आधीच बदलायचा आहे त्यांना. ईद झाल्यावर, उन्हं उतरली की सवडीनं या. खजूर तेव्हा न्यायचेच आहेत.

तुमची,
अंबाजोगाई रोडवरची ताई