आई-बाबा, रग्बीत घर घेतलंय

प्रिय आई, बाबा,

फोनवर तीनदा सांगायचं ठरवलं आणि तिन्ही वेळा विषय बाबांच्या गुडघ्यावर गेला, म्हणून लिहितेय. आम्ही इथे इंग्लंडातल्या रग्बी गावात घर घेतलंय. बघतोय असं नाही, घेतलंय, गेल्या शुक्रवारी सह्या झाल्या. "अजून दोनच वर्षं" मीच म्हणाले होते, रोज आठवतं मला ते. पण पोरीची शाळा, जावयांची नोकरी, त्यात भाडं सारखं वाढतंय, आणि घर घेतलं म्हणजे कायमचंच असं थोडीच आहे, विकता पण येतं ना.

बाबा, घराजवळ एक बंद स्टेशन आहे, रग्बी सेंट्रल. हिलमॉर्टन रोडच्या पुलावरून खाली बघितलं की खोल कटिंगमध्ये झाडीत एकच लांब प्लॅटफॉर्म दिसतो, दोन्ही बाजूंना गाड्या लागायच्या, जिना पुलावरूनच उतरायचा. १५ मार्च १८९९ ला इथून लंडनच्या मेरिलबोनला पॅसेंजर गाड्या सुरू झाल्या. ही लाइन काढणाऱ्या कंपनीचे एडवर्ड वॉटकिन म्हणून चेअरमन होते, त्यांना तर समुद्राखालून बोगदा काढून थेट फ्रान्सला जायचं होतं! पण लंडनला जाणारं दुसरं स्टेशन गावात आधीपासून होतंच, ते अजूनही चालू आहे. १९६३ ला रेल्वेच्या लाइनी कमी करायचा बीचिंगचा रिपोर्ट आला, दोन-दोन लाइनी कशाला म्हणून १९६६ च्या सप्टेंबरात इथून लंडनच्या गाड्या बंद. नंतर नॉटिंगहॅमपर्यंत छोटी डिझेल गाडी तेवढी यायची, मे १९६९ ला तीही थांबली. तुमच्या बार्शी लाइनचं निदान ब्रॉडगेज झालं, इथले रूळच काढून टाकले हो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा कुर्डूवाडीचं क्वार्टर आठवलं, तुम्ही खांद्यावर बसवून छोटं इंजिन दाखवायचात आणि आई खालून ओरडायची, पोरीच्या डोळ्यात कोळसा जाईल.

आता तिथे फिरायची वाट केलीय. या लाइनला बहुतेक ठिकाणी १७६ ला १ पेक्षा, म्हणजे १७६ फुटांत एका फुटापेक्षा, जास्त चढच ठेवला नव्हता, त्याचा अर्थ तुम्हाला मी काय सांगू, गुडघ्याला अजिबात त्रास नाही. खाली उतरताना तेवढा माझा हात धरायचा.

तुमची खोली खालीच आहे, बाथरूम लागून, हीटर रात्रभर चालू ठेवला तरी मी काही बोलणार नाही. आई, ज्वारीचं पीठ लेस्टरला मिळतं, कढीपत्ताही, आणि ओट्यावर ऊन येतं सकाळी. तुम्ही सहा महिने आलात, नाही करमलं तर मी स्वतः सोडायला येईन, शप्पथ.

तोपर्यंत बाबा, एक्स-रे ह्याच आठवड्यात काढायचा, "बघू" नाही, रिपोर्टचा फोटो मला पाठवायचा. बीपीची गोळी नाश्त्यानंतर लगेच. माळ्यावर कुणीही चढायचं नाही, माझी जुनी पुस्तकं राहू देत तिथेच. आई, तू त्यांच्यासाठी उपाशी थांबू नकोस गं, जेवून घेत जा.

बाबा, रागावला असाल तर रागवा, पण रविवारी फोन तुम्हीच उचला. आईकडे देऊ नका लगेच.

तुमची,
छकुली