पेन्सिलवाल्या काकांना, कोल्हापूरच्या उद्यमनगरातनं

काका, नाव लिहायचं नाही अशी तुमची अट, म्हणून नुसतं काका. फोनवर तुम्ही "आभार कसले रे, कॅसेट तर लावली" म्हणून विषय संपवलात, पण माझा काय संपेना. गेल्या रविवारपासनं लेथवर दोन जॉब बिघडवलेत, डोक्यात तेच चालू. म्हटलं लिहूनच टाकावं, सगळ्यांसमोर.

आधी थोडं मागचं. तुमच्याकडं यायच्या आधी वर्षभर मी दुसऱ्या एका मंडळींकडं जायचो. खेळ तोच. कुणीतरी मिनिटभर व्हायोलिन लावायचं आणि बाकीच्यांनी चिठ्ठीवर लिहायचं, कुठला राग, कुठली रचना, वाजवतंय कोण. फरक एवढाच की तिथं चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायचे आणि माझी मुद्दाम शेवटी ठेवायचे, जेवणानंतर बडीशेप असते तशी. विलायती व्हायोलिनमधलं मला तेव्हा एकच नाव पाठ, हायफेट्झ. वेगात वाजलं की लिही हायफेट्झ. एकदा बाखचं शाकॉन लावलेलं, म्हणजे एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेली विलायती रचना, मी लिहिलं "दोन व्हायोलिन आहेत". एकाच्या डोळ्यातनं पाणी आलं हसून. वर "मशीनच्या आवाजात कान गेलेत वाटतं" हेपण ऐकून घेतलं. ते चालतंय ओ, हसण्यानं अंगाला भोकं पडत नाहीत.

लागलं ते कॅसेटचं.

२०१९ च्या महापुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं, खालचं सगळं गेलं, माळ्यावरचा एक बुटांचा खोका तेवढा वाचला, त्यात ही कॅसेट. बाबांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली, सुरुवातीचं निवेदन तुटलेलं, त्यामुळं कलाकार कोण कळायला मार्ग नाही, मधे एकदा आमच्याच कुकरची शिट्टी पण आहे. लेबलवर निळ्या शाईत बाबांचं अक्षर, "व्हायोलिन. पुसू नये." बाबा जाऊन आता तीन वर्षं होतील. त्यांच्या हातचं लिहिलेलं घरात तेवढंच राहिलंय, बाकीचं पुरानं नेलं.

ती मी तिथं नेली, ओळखून द्या म्हणून. तिथल्या एका साहेबांनी वीस सेकंद ऐकली असेल नसेल, "हे तर जोग, शेंबडं पोर पण सांगेल" म्हणाले आणि खिशातला काळा मार्कर काढून थेट लेबलवरच लिहिलं. जाड अक्षरात. "नये" त्याच्याखाली गेलं. आता लेबल वाचलं की "व्हायोलिन. पुसू" एवढंच दिसतंय. मी तिथं काही बोललो नाही, घरी येऊन नुसता बघत बसलो. आईला दाखवलीच नाही कितीतरी दिवस. (व्ही. जी. जोग म्हणजे व्हायोलिनमधला थोर माणूस, बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या शहनाईबरोबर वाजवलेलं आजपण अंगावर येतंय. त्यांच्याबद्दल तक्रार नाही, मार्करबद्दल आहे.)

मग कुणीतरी तुमच्याकडं पाठवलं. पहिल्याच दिवशी मी लाजत शाकॉनची गोष्ट सांगितली, म्हटलं हसून घ्या एकदाचं. तुम्ही म्हणालात, "दोन ऐकू आली? मग कान ठणठणीत आहेत की तुझे." आणि मग ते लावलंत अख्खं, पंधरा मिनिटांच्या आसपास. एकटं व्हायोलिन, १७२० सालचं बाखच्या हातचं हस्तलिखित, एकाच गजात, म्हणजे तारांवर फिरवायच्या काठीच्या एकाच फेरीत, दोन-दोन तीन-तीन तारा घेतल्यात, खालचा सूर एक बोलतोय आणि वरचा त्याला उत्तर देतोय. "दोन वाटावीत म्हणूनच लिहिलंय त्यानं, तुला वाटली, झालं की काम." तेव्हाच ती क्रायस्लर नावाच्या व्हायोलिनवाल्याची गंमत सांगितलीत, की हा माणूस स्वतः लिहिलेले तुकडे पुन्यानी, कूपरँ अशा जुन्या लोकांच्या नावावर खपवत राहिला, भलेभले समीक्षक माना डोलवत राहिले, आणि १९३५ साली यानंच सांगून टाकलं की माझंच आहे ते सगळं. काहीजण लई चिडले म्हणे. चिडणारच.

कॅसेट आणली त्या दिवशी टेप ढिली झालेली. मशीनमधे अडकली असती. तुम्ही टेबलावरची पेन्सिल उचललीत, भोकात घातलीत आणि हळूहळू फिरवत बसलात, लूप आत जाईपर्यंत, घाई नाही काही नाही. मग अख्खी बाजू ऐकलीत. कुकरची शिट्टी आली तेव्हा नुसतं माझ्याकडं बघितलंत.

मग विचारलंत, "हे गातंय का वाजवतंय?" मला कळेना. तर म्हणालात, टूल बोथट झालं की तुला आवाजावरनं कळतंय ना, तसंच ऐक, गज कुठं परततोय तेवढंच बघ. आणि नाव न सांगता तीन रेकॉर्डिंग लावलीत. पहिल्यात एकाच लांब गजात सगळी जागा यायची, गाणाऱ्याच्या दमासारखी, त्या एन. राजम, गवई ओंकारनाथ ठाकुरांच्या शिष्या. दुसऱ्यात गज तुटक, टपटपीत, तबल्याशी खेळणारा, ते जोग. तिसऱ्यात गाणंपण होतं आणि लयीशी झटापटपण. मी म्हटलं, आमची कॅसेट ह्या तिसऱ्याच्या जवळची वाटतीय. ते निघाले गजाननबुवा जोशी. गायचेही आणि व्हायोलिनही वाजवायचे, आणि शिकलेले कुणाकडं, तर इतरांबरोबर भूर्जी खाँसाहेबांकडं, म्हणजे आपल्या कोल्हापूरचे थोर गवई अल्लादिया खाँसाहेब, त्यांच्या चिरंजीवांकडं. मी खुर्चीतनं उठलोच. तुम्ही म्हणालात, "मलापण तसंच वाटतंय. बहुतेक."

मी लेबल पुढं केलं, लिहा म्हणून. तुम्ही कॅसेट हातात घेऊन ते अर्धं झाकलेलं अक्षर बघितलंत, म्हणालात "ह्याला आपण हात नको लावायला", आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या जुन्या पानाचा कोपरा फाडून त्याच पेन्सिलीनं लिहिलंत: "बागेश्री. बहुतेक गजाननबुवा जोशी. परत ऐकणे." घडी घालून डबीत सरकवलंत.

काका, आख्खा जन्म व्हायोलिन ऐकण्यात गेलेला माणूस "बहुतेक" लिहितो, तेपण पेन्सिलीनं, तेपण वेगळ्या कागदावर. मी रस्त्यात गाडी बाजूला घेऊन थांबलो होतो थोडा वेळ, खरं सांगतो. पुरात नावेतनं माणसं काढणारी पोरं बघितलीत आम्ही, तसली माणुसकी दिसते तरी. ही तुमच्यासारखी कुणाला दिसायची पण नाही, आणि असल्या माणसांमुळंच ह्या गावात राहवतंय बघा.

आईला आता कॅसेट दाखवली. चिठ्ठी दोनदा वाचली तिनं, मग म्हणाली शिट्टी कुठं आहे ते लाव. डाळीची होती म्हणे.

रविवारी येतोय. तुमची पेन्सिल चुकून माझ्या खिशात आलीय, घेऊन येतो.