डेटा सेंटरला सवलत द्या, पण वीज-पाण्याचा हिशोबही मागा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नवी मुंबईच्या ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात नवीन डेटा सेंटर (इंटरनेटचा डेटा साठवणाऱ्या सर्व्हर कॉम्प्युटरची इमारत) येतंय अशी बातमी असली की किती कोटींची गुंतवणूक ते पहिल्याच ओळीत असतं, पण वीज किती खाणार, पाणी किती पिणार हे शेवटपर्यंत सापडत नाही, म्हणून हे पत्र.

मी सहा वर्षं अशाच एका सेंटरमध्ये एसी प्लांटच्या मेंटेनन्सला होतो. मे महिन्यात बाहेर अंगाची लाही लाही आणि आत आम्ही स्वेटर घालून फिरायचो, कारण सेटिंग 18 डिग्रीवर. सर्व्हरला 27 डिग्रीपर्यंतची हवा चालते, पण उगाच रिस्क कशाला म्हणून कोणी हात लावायचं नाही. रॅकमध्ये, म्हणजे सर्व्हर ठेवायच्या कपाटात, सर्व्हर नसलेल्या जागी एक साधी प्लास्टिकची पट्टी बसवायची असते, ब्लँकिंग पॅनल, ती नसली की मागची गरम हवा फिरून पुढे येते आणि चिलर, म्हणजे थंडावा देणारं मशीन, विनाकारण पळत राहतो. एका रांगेत आम्ही त्या बसवल्या, तर समोर उभं राहिल्यावर तोंडावर येणारी गरम झुळूक त्याच दिवशी बंद झाली!

अशी वीज किती वाया जाते याचं माप म्हणजे पीयूई: सेंटरची एकूण वीज भागिले कॉम्प्युटरना मिळालेली वीज. तो 1.6 असेल तर कॉम्प्युटरना 100 युनिट देताना वरचे 60 थंडावा, यूपीएस वगैरेत गेले. सिंगापूरने 2019 पासून नवीन सेंटर थांबवली आणि 2022 मध्ये परत अर्ज मागवले ते पीयूई 1.3 किंवा त्याहून कमी हवा या अटीवर, आणि तिथली हवा काही आपल्यापेक्षा कोरडी नाही. आपल्याकडे राज्याच्या 2023 च्या आयटी धोरणात डेटा सेंटरना वीज शुल्कात सवलत आहे. ती जरूर द्या, पण जो घेईल त्याने दरवर्षी पीयूई आणि पाण्याचा आकडा जाहीर करायचा, एवढी अट टाकायला काय हरकत आहे?

पाण्याचं तर जास्त लागतं मनाला. आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या कूलिंग टॉवरमधलं पाणी वाफ होऊन उडून जातं. महापालिकेने ऐरोली आणि कोपरखैरण्याला सांडपाणी शुद्ध करून एमआयडीसीला द्यायला 20-20 एमएलडीचे (रोज 2-2 कोटी लिटरचे) प्लांट उभारलेत, मग टॉवरला तेच पाणी सक्तीचं करा ना, आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात संध्याकाळचं पाणी येत नाही तेव्हा सत्तरीच्या आजी सकाळीच बादल्या भरून ठेवतात.

पुढची अशी बातमी छापाल तेव्हा तुमच्या वार्ताहराला कंपनीला दोनच प्रश्न विचारायला सांगा: पीयूई किती, आणि टॉवरला पाणी कुठलं?

आपला,
एक वाचक, ऐरोली