वाणिज्य शाखेची मुले आणि वाहिन्या

महोदय,

बारावीचा निकाल लागला की करिअर पुरवण्यांत माध्यमक्षेत्र म्हणजे पत्रकारिता, निवेदन, कॅमेरा, संकलन एवढेच दिसते. वाणिज्य शाखेच्या मुलांचे तिथे काही काम नाही, असा समज त्यातून पसरतो. पण एन. पी. सिंग १९९९ मध्ये सोनीच्या भारतातील दूरचित्रवाणी कंपनीत मुख्य वित्त अधिकारी म्हणून आले आणि २०१४ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. २०१८ मध्ये ‘सोनी मराठी’ सुरू झाली तीही त्यांच्याच काळात. हिशेब पाहणारा माणूस वाहिनीच्या प्रमुखपदापर्यंत का पोहोचतो, हे तिथला पैसा कसा फिरतो ते पाहिले की समजते.

वाहिनीकडे विकायला असतात सेकंद. केबल नियमांनुसार तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटे जाहिराती, त्यातली २ स्वतःच्या कार्यक्रमांच्या प्रसिद्धीसाठी. उरलेल्या १० मिनिटांत दहा-दहा सेकंदांच्या ६० जागा. त्या वेळेत विकली गेली नाही ती जागा कायमची बुडाली.

समजा जाहिरात एजन्सीने १० लाखांची रिलीज ऑर्डर (आरओ, म्हणजे जाहिरात दाखवण्याची लेखी मागणी) दिली. १५ टक्के कमिशन वजा जाता राहिले साडेआठ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी १ लाख ५३ हजार, बिल १० लाख ३ हजारांचे. जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावाच लागतो, एजन्सीचे पैसे मात्र दोन-तीन महिन्यांनी येतात. बिले अडतात तीही साध्या कारणांवरून: आरओ क्रमांक चुकला, जाहिरात ठरलेल्या वेळेबाहेर लागली, प्रक्षेपण प्रमाणपत्रातले (जाहिरात कधी, किती वेळ दाखवली याच्या दाखल्यातले) सेकंद बिलाशी जुळले नाहीत. वाद दोनच स्पॉटचा असला तरी अख्खे बिल बाजूला पडते. म्हणून बिल पाठवण्याआधी प्रत्यक्ष प्रक्षेपणाच्या नोंदीशी एकेक ओळ ताडून पाहणे भाग आहे.

सर्वांत मोठे नुकसान मात्र चित्रपटांच्या हक्कांत होते. पाच वर्षांचे हक्क पाच कोटींना घेतले आणि दर वर्षी एक कोटी खर्ची टाकले, तर कागदावर सारे नीटनेटके दिसते. प्रत्यक्षात जाहिरातीचे मोठे उत्पन्न पहिल्या एक-दोन प्रक्षेपणांतच येऊन जाते. तीन वर्षांनी खात्यावर दोन कोटींची मालमत्ता उभी असते आणि चित्रपट पन्नास लाखही मिळवण्याच्या स्थितीत नसतो, मग त्यातली बहुतेक रक्कम एकदम निर्लेखित करावी, म्हणजे तोटा म्हणून खात्यातून काढून टाकावी लागते. हे टाळायचे तर खरेदीच्या वेळीच किती प्रक्षेपणे होतील, प्रत्येकातून काय मिळेल याचा अंदाज बांधून पहिल्या प्रक्षेपणावर खर्चाचा मोठा वाटा टाकायला हवा. हा अंदाज एकट्या लेखा विभागाला बांधता येत नाही. त्यासाठी कार्यक्रम आणि जाहिरात-विक्री विभागांसोबत बसावे लागते, प्रेक्षक काय पाहतात ते समजून घ्यावे लागते. वित्त विभागातला माणूस पुढे वाहिनी चालवू शकतो तो इथे तयार होतो.

सीए, सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) किंवा बी.कॉम. करून येणाऱ्यांनी सुरुवात जाहिरात-बिलिंगमधूनच करावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. आपल्या पुढच्या करिअर पुरवणीत या कामाला अर्धे पान तरी द्यावे, ही विनंती.

आपले,
दूरचित्रवाणी क्षेत्रातील लेखा-वित्त कर्मचारी, मुंबई