ऑनलाइन वर्गात हजेरी लागते, ओळख होत नाही

महोदय,

मी खेडमध्ये (जि. रत्नागिरी) एका पतसंस्थेत रोखपाल आहे आणि ऑनलाइन एम.ए. (अर्थशास्त्र) करते आहे. वर्ग संध्याकाळी सातला. तेव्हा घरात कुकर आणि सासूबाईंची मालिका दोन्ही चालू, त्यामुळे माझा कॅमेरा बंद. बहुतेकांचा बंदच असतो. पडद्यावर नावं तरी काय, तर ‘रेडमी नोट’, ‘ओवीची आई’ आणि एक नुसतंच ‘ए’. शेवटी सर ‘काही शंका?’ म्हणतात आणि कुणी माइक चालू करेपर्यंत निघून गेलेले असतात. चॅटमध्ये ‘येस सर’ची रांग लागते, ती हजेरीपुरती.

यूजीसीच्या २०२०च्या नियमावलीनुसार ऑनलाइन विद्यार्थी पंधरवड्यातून किमान दोन तास चर्चेत, स्वाध्यायात भाग घेतो की नाही, यावर विद्यापीठाने लक्ष ठेवायचं असतं. आमच्याकडे लॉगिन झालं की झाला सहभाग! चर्चापीठावर एकाने महागाई निर्देशांकाबद्दल विचारलंय. त्याखाली शिक्षकांचं उत्तर नाही, दुसऱ्याचा प्रश्न आहे: ‘नोट्सची पीडीएफ आहे का कुणाकडे?’ व्हॉट्सॲप ग्रुपवर तर फक्त ॲडमिनच लिहू शकतात.

एकदा मात्र वर्ग रंगला. मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते, हे शिकवताना मॅडमनी विचारलं, कांद्याच्या धंद्यात कुणी आहे का? ‘ए’ने माइक चालू केला. तो लासलगावचा, आडत्याकडे हिशेब लिहिणारा. ट्रॅक्टरच्या रांगा, क्विंटलमागे पुकारला जाणारा भाव, डिसेंबर २०२३मध्ये निर्यातबंदी आल्यावर बंद पडलेले लिलाव, सगळं त्याने सांगितलं. मग वसईची खाणावळवाली म्हणाली, भाव दुप्पट झाला तरी माझा कांदा किलोभरच कमी होतो, रस्सा कशाचा करू? पुस्तकातली आकृती त्या दिवशी कळली. वेळ संपल्यावरही कुणी बाहेर पडेना.

कॅमेऱ्याची सक्ती हा काही उपाय नव्हे. एका खोलीत चारजण राहणाऱ्याला ती शिक्षाच, शिवाय डेटा जातो तो वेगळा. त्यापेक्षा आठ-दहा जणांचे गट पाडा आणि ते सत्रभर तेच ठेवा. दर आठवड्याला त्यांना एकेक प्रश्न द्या, त्याच्या चर्चेला अंतर्गत गुण ठेवा आणि चर्चापीठावर शिक्षकांनी आठवड्याच्या आत उत्तर द्यावं. याला नवं ॲप लागत नाही. शिक्षक मात्र पुरेसे नेमावे लागतील, आणि घोडं तिथेच अडतं.

पुढच्या सत्राची फी भरायची लिंक आली आहे. वर्गात कोण कुठल्या गावचं आहे, याची यादी मागितली होती, ती अजून आलेली नाही.

– एक विद्यार्थिनी, खेड